आकाराम मिस्त्रींचं फ्रीव्हील

आकाराम मिस्त्रींना कोल्हापूरच्या शाहूपुरीत आता कुणी ओळखत नाही. ‘पंक्चर काढायचे, तेच का?’ असं एखादा म्हातारा विचारील, आणि तोही अंदाजानंच. पंक्चर काढायचे म्हणे! त्या माणसानं भंगारातून उभी केलेली सायकल मी स्वतः चालवली आहे. तशी सायकल त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही, आणि का झाली नाही हे माहीत असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला पहिला मी. आजवर हे तोंडानं सांगायला लागलो की मी मध्येच विषय बदलत आलो आहे, म्हणून आता लिहायला बसलो.

१९५२ साली मी वीस वर्षांचा होतो आणि शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर कारकून होतो. आईवडील लहानपणीच गेले. मला वाढवलं दत्तोपंतकाकांनी आणि लीलाकाकूनं. काका शाळेत गणित शिकवत. धोतर, लांब कोट, काळी टोपी आणि वेळेच्या बाबतीत घड्याळालाही लाज वाटावी असा माणूस. घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला.

अडतीच्या मागच्या गल्लीत मिस्त्रींचं पत्र्याचं खोपटं होतं. दुपारच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन तिथं जायचो. मिस्त्री तेव्हा पस्तिशीचे असतील. शिरोळकडच्या शेतकऱ्याघरचे धाकटे. लढाईच्या दिवसांत खडकीच्या लष्करी वर्कशॉपात होते आणि हत्यार धरायला तिथंच शिकले. तिथले गोरे सोल्जर रविवारी सायकलींच्या शर्यती लावत, आणि त्या सायकली फिक्स असत. मिस्त्रींच्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही.

फिक्स म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. साध्या सायकलीला मागच्या चाकावर फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं, आणि उतारावर माणूस निवांत बसून राहतो. फिक्सला ते नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि वर पाय असले तर तेही फिरणार. थांबायचं तर पायांनीच रोखायचं.

“फिक्सवर लबाडी चालत न्हाय बघा,” मिस्त्री म्हणायचे. “पायात जोर हाय का न्हाय, चाकाला लगेच कळतंय.”

मला शर्यतीचं वेड होतं आणि नवी सायकल घ्यायची ऐपत नव्हती. तालमीतली पोरं दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी कोल्हापूर ते नृसिंहवाडी अशी शर्यत लावणार होती. मी हे मिस्त्रींकडं बोललो आणि त्यांचे डोळे लकाकले. “बांधू की,” एवढंच ते म्हणाले. पुढचे चार महिने दर रविवारी आम्ही जुन्या बाजारात उकिडवे बसून लोखंड उपसत होतो.

फ्रेम मिळाली लष्कराच्या मोडीतली, बोटानं वाजवली तर घंटेसारखा आवाज देणारी. रिमा एका दूधवाल्याच्या सायकलीच्या, किटल्या लटकवून वाकड्या झालेल्या. मिस्त्रींनी तारा ताणून त्या अशा सरळ केल्या की फिरताना चाक थांबल्यासारखं दिसे. हँडल बायकांच्या सायकलीचं, उलटं बसवलेलं. आणि मागच्या चाकाचा तुंबा, ज्यात तारा ओवतात तो मधला भाग! रेसिडेन्सीतल्या कुणा साहेबानं जाताना टाकून दिलेल्या सायकलीचा तो. भंगारवाला तो वजनावर द्यायला निघाला होता. “दोन्ही बाजूला आटे पाडल्यात आनि एका बाजूचं उलटं पडल्यात. फुकट गेलेला माल हाय, पावणं,” असं त्यानंच सांगितलं.

मिस्त्रींनी वजनाचे पैसे दिले. तुंबा पिशवीत टाकला, चार पावलं पुढं आले आणि माझा दंड इतका जोरात दाबला की मी ओरडलो. “आरं, ह्यो दुहेरी तुंबा हाय! एका अंगाला फ्री बसतंय, दुसऱ्या अंगाला फिक्स. चाक काडायचं, फिरवून घालायचं, झालं. शर्यतीला फिक्स, रोजच्याला फ्री.” एरवी ते मला अहोजाहो करत, त्या दिवशी आनंदात विसरले.

धड फ्रीव्हील मात्र कुठं मिळेना. तेव्हा मिस्त्रींनी तीन मोडक्या फ्रीव्हीलांचं एक केलं. दाते एकाचे, वाटी दुसऱ्याची. आत दोन खटके असतात, त्यांना मिस्त्री लोक कुत्रे म्हणतात, ते तिसऱ्याचे. खटक्यांमागच्या बारीक स्प्रिंगा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या पट्टीतून कापून केल्या. काम झाल्यावर फ्रीव्हील कानाशी धरून उलटं फिरवलं आणि डोळे मिटून त्याची कटकट ऐकत बसले. मग माझ्या कानाला लावलं. “ऐका. एक तरी कुत्रं चुकतंय का? कंपनीचं फ्री असं बोलंल काय?”

त्यांचा बेतही त्या सायकलीवरच ठरला होता. त्यांनी एक फळी रंगवून आणली होती: ‘येथे सायकली बांधून मिळतील.’ ती भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. शर्यतीत आमची सायकल पहिल्या पाचात आली की लावायची. तोवर गल्लीत त्यांना सगळे भंगारवाला मिस्त्री म्हणत, आणि ते त्यांना फार लागे. समोरचा ज्ञानू शिंपी तर रोज मशीनवरून ओरडायचा, “काय मिस्त्री, आज कुनाची हाडं गोळा केलासा?”

सायकल माझ्या ताब्यात देताना मिस्त्रींनी मला एक पाना दिला आणि ज्ञानूकडून मागून आणलेली तांबडी चिंधी. “चाक फिक्सवर असलं की ही शीटखाली बांधायची. घरात सांगून ठेवा, चिंधी असली की सायकलीला हात लावायचा न्हाय. फिक्स ठाव नसलेला माणूस उतारावर मरंल.” मी घरी सांगितलं. काकांनी गणितातला नियम असावा तसं ते ऐकून घेतलं. फ्रीवर असताना ते अधूनमधून सायकल नेत, आणि नेण्याआधी वाकून शीटखाली पाहत. मला हसू यायचं.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी मी फिक्सवर सराव करून तालमीसमोर थांबलो. पोरं जमली. एकानं चिंधीला बोट लावून विचारलं, “काय रं त्रिंबक, म्हशीला दिष्ट लागंल म्हनून बांधलाईस व्हय?” सगळे खिदळले. मी चिंधी ओढून काढली आणि खिशात घातली. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन सायकल बोळात लावली. चाक फिरवून घालणं दहा मिनिटांचं काम. ते केलं नाही. चिंधी बांधणं अर्ध्या मिनिटाचं. तेही केलं नाही. भूक लागली होती, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी काका नदीवर दत्ताच्या दर्शनाला जात. एरवी पायी. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, वेळ कमी होता. त्यांनी बोळात वाकून शीटखाली पाहिलं. चिंधी नव्हती. सायकल घेऊन ते निघाले.

पंचगंगेकडं रस्ता उतरतो, तिथं त्यांनी सवयीनं पाय थांबवले. पायडलं थांबली नाहीत. त्यांनीच पुढं सांगितलं की पायडलानं पायाला लाथ मारली. पाय सुटला, धोतराचा सोगा चेनीत गेला. साधी सायकल असती तर पायडलं थांबली असती आणि धोतर फाटण्यावर निभावलं असतं. इथं चाक फिरत होतं तोवर चेन धोतर ओढत राहिली, आणि काका कडेच्या दगडी बांधावर कंबरेतून आदळले.

मी पोहोचलो तेव्हा लोक त्यांना टांग्यात घालत होते. मांडीचं हाड मोडलं होतं. मला पाहून ते म्हणाले, “त्र्यंबक, शाळेत कळव. तपासणी आहे.”

लोकांनी मला सायकल घरी न्यायला सांगितली. मी ती ढकलत आणली, परसात नेली, चेनीतून धोतराच्या चिंध्या ओढून काढल्या. मग खिशातला पाना काढला. कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही काही ठरवलं नव्हतं, पण हात चालत होते. दोन्ही नट सोडले, चाक बाहेर काढलं, फिरवून फ्रीच्या बाजूनं घातलं, नट आवळले. काकू दवाखान्यात होती, घरात कुणी नव्हतं. काकू काय म्हणेल याची भीती होती, हे खरं. पण खरी भीती काकांची. ते ओरडले नसते. ‘चिंधी कुठं होती?’ एवढंच विचारलं असतं. त्या एका प्रश्नाला भिऊन मी ते चाक फिरवलं.

शुक्रवारी मिस्त्री आमच्या घरी आले. दवाखान्यात काकांना बघून आले होते, चेहरा उतरला होता. परसात जाऊन त्यांनी सायकल उलटी उभी केली, मागचं चाक फिरवलं, पायडल धरून ठेवलं. फ्रीव्हील कटकट करत खेळत राहिलं.

मग त्यांनी मला विचारलं. एकदाच विचारलं. “त्रिंबकराव, चाक कोंच्या अंगानं हुतं?”

“फ्रीच्या,” मी म्हणालो. “चिंधीसुद्धा नव्हती. काका बघूनच घेऊन गेले.”

त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. “म्हंजे माझंच फ्री अडकलं,” ते म्हणाले. “चालू असताना कुत्रं अडकलं, आनि पडल्यावर दनक्यानं सुटलं. त्याबिगर पायडल लाथ मारत न्हाय.” आणि मी, मेल्यासारखा उभा असलेला मी, म्हणालो, “असेल.”

दुसऱ्या दिवशी लीलाकाकू शाहूपुरीत गेली. माझी काकू शांत स्वभावाची, पण त्या दिवशी भर गल्लीत उभी राहून तिनं मिस्त्रींना नाही नाही ते ऐकवलं. भंगारातली सायकल देऊन माणसं मारायचा कारखाना काढलाय, असं ती म्हणाली. ज्ञानू शिंप्यानं मशीन बंद ठेवून सगळं ऐकलं. मिस्त्री हात जोडून उभे होते. हे मला काकूनंच घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाली, “एक शब्द बोलला नाही रे. चूक असल्याशिवाय माणूस इतकं ऐकून घेत नाही.” मी पाणी प्यायला आत गेलो.

काकांचा पाय जुळला, पण आखूड जुळला. पुढं ते खुर्चीवर बसून शिकवत, फळ्यावर लिहायला एखाद्या मुलाला उठवत. त्यांनी मिस्त्रींना कधी दोष दिला नाही. पण गल्लीला काय, निमित्तच हवं होतं. मिस्त्रींच्या दुकानाला लोक दवाखान्याची वाट म्हणू लागले. मिस्त्रींनी सायकल परत नेली, तिचे पुन्हा सुटे भाग केले आणि एकेक करून विकून टाकले. रंगवलेली फळी त्यांनी दुसऱ्या बाजूनं रंगवली आणि दाराला लावली. ‘पंक्चर काढून मिळेल’ एवढंच त्यावर होतं. तुमच्या जुन्या सायकलीचं फ्रीव्हील बिघडलं तर ते तुम्हाला दुसऱ्या दुकानात पाठवत.

मी त्या गल्लीत जाणं सोडलं. भाकरी अडतीवरच खाऊ लागलो. पुढं नवी सायकल घेतली, तिचं पंक्चर झालं तर ढकलत बिंदू चौकापर्यंत न्यायचो. लग्न झालं, मूल झालं. अमुक झालं की सांगू, तमुक झालं की सांगू, असं करत सहा वर्षं गेली. मधल्या काळात मिस्त्री मला दोनदा रस्त्यात दिसले. दोन्ही वेळा त्यांनीच मान खाली घातली. माझ्यासमोर! ते आठवलं की आजही मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१९५८च्या थंडीत एका दुपारी मिस्त्रींच्या पत्नी, तानाबाई, अडतीवर आल्या. गुळाच्या ढेपांच्या बाजूला उभं राहून त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“आमी गावाकडं निगालोय,” त्या म्हणाल्या. “उद्याच्या गाडीनं. दुकान बंद केलंय. पर जायच्या आदी मास्तरांच्या पायावर डोस्कं ठेवून येतो म्हनत्यात. सांजच्याला येनार हाईत. मी म्हनलं, तुमास्नी आदी सांगावं. काकू परत कायतरी बोलल्या तर ह्यो मानूस आता सोसायचा न्हाय. तुमी तेवडं काकूंना आवरा.”

त्या गेल्या. मी आत येऊन लेखणी उचलली आणि ठेवली. मिस्त्री येऊन काकांच्या त्या आखूड पायावर डोकं ठेवणार, आणि मी शेजारी उभा राहून बघणार. सहा वर्षं मी बरंच काही पचवलं होतं; हे पचणार नव्हतं.

मी आधी घरी गेलो, कारण सरळ मिस्त्रींकडं निघालो असतो तर वाटेत पळालो असतो. काका खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिंधी, बुधवार, परसात फिरवलेलं चाक, ‘फ्रीच्या’ हा शब्द. काकू दारात येऊन उभी होती. ती आत निघून गेली. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांनी चिंधीबद्दल काही विचारलं नाही.

“मला काय सांगतोस?” ते म्हणाले. “माझा पाय तू डोळ्यांनी बघतोस. त्यांचं काय गेलंय ते जाऊन बघ.”

खोपटं जवळजवळ रिकामं होतं. वळकट्या बांधलेल्या, हत्यारांची पेटी दाराशी. मिस्त्री खाली बसले होते. त्यांच्यापुढं फडक्यावर ते फ्रीव्हील होतं, तेवढंच न विकता ठेवलेलं, आता उघडलेलं. दाते, वाटी, दोन खटके, घड्याळाच्या पट्टीच्या स्प्रिंगा.

मला पाहून ते गडबडीनं उठायला लागले. “या, या. मीच येनार हुतो. ह्ये बगा, आज परत उगडलं. मास्तरांच्या समोर जायाचं तर खोड काय हुती ते तरी सांगता आलं पायजे की. पर सापडत न्हाय. शंभरदा उगडलं आसंल. कुत्री दोन्ही उठत्यात, बसत्यात. कुटं अडकलं आसंल ते कळंना झालंय.”

“मिस्त्री,” मी म्हणालो, “फ्रीत खोड नाही.”

ते थांबले.

“चाक त्या दिवशी फिक्सवर होतं. चिंधी मी आदल्या दिवशी काढून टाकली होती, पोरं हसली म्हणून. काका पडल्यावर परसात मीच चाक फिरवून घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.”

मग कोपऱ्यात भांडी बांधत बसलेल्या तानाबाई उठल्या. “सा वरसं!” त्या म्हणाल्या. “सा वरसं ह्यो मानूस जेवनाचं ताट सारून त्ये उगडून बसतोय. मी म्हनायची, टाका की त्ये नदीत. आनि तुमास्नी ठाव हुतं? पलीकडच्या अंगाला गूळ मोजत बसलायसा आनि ठाव हुतं? तुमच्या तोंडाला काय कुलूप घातलंतं व्हय वो?”

मी मान खाली घालून उभा होतो. हे सगळं मला हवंच होतं. मिस्त्रींनीही बोलावं, पाना फेकून मारावा, असं वाटत होतं. ते खाली बसले आणि एकेक भाग उचलून फ्रीव्हील जोडायला लागले. खटके बसवले, स्प्रिंगा बसवल्या, छरे ओळीनं लावले, वाटी आवळली. जोडून झाल्यावर त्यांनी ते कानाशी धरलं आणि उलटं फिरवलं. कटकट, कटकट, एकसारखी.

“म्हंजे फ्री बरोबर हुतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अडकलं न्हवतं?”

“नाही, मिस्त्री. एकदाही नाही.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, फ्रीव्हील हातात तसंच धरून दाराशी गेले आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं समोर हाक मारली.

“ज्ञानू! आरं ए ज्ञानू! फ्री बरोबर हुतं रं आपलं!”

ज्ञानू शिंप्यानं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सारला आणि मिस्त्रींच्या हाताकडं बघत विचारलं, “कुटलं फ्री, मिस्त्री?”